दास्तानीतली नावे आणि आमचा हजेरीपट

यंदा जूनअखेर शाळा उघडली तेव्हा पहिलीच्या दाखल्यासाठी एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. क्लीनर म्हणून सुरुवात करून आता स्वतःचा ट्रक चालवणारा माणूस. यवतमाळ जिल्ह्यातल्या उर्दू शाळांत अशी माणसे दाखल्याच्या वेळी फार अदबीने, खुर्चीच्या कडेवर बसतात. त्यांनी चार कागद टेबलावर ठेवले. जन्मदाखल्यावर मुलाचे नाव ‘इरतुगल’, आधार कार्डावर ‘अर्तगुल’, अंगणवाडीच्या कागदावर नुसतेच ‘अरतू’. चौथा कागद वहीतून फाडलेला होता. त्यावर बापाने स्वतःच्या हाताने उर्दूत लिहिले होते: अलिफ, रे, तोय, गैन, रे, लाम. अर्तुगरुल. चार कागदांपैकी बरोबर तेवढा एकच, आणि सरकारदरबारी किंमत नसलेलाही तेवढाच एक.

हे नाव कसे सुचले, असे आम्ही विचारले. म्हणाले, “सर, लॉकडाऊन में गाडी खडी थी. पूरा सीरियल देखा. क्या आदमी था!” मग थोडे थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “इस नाम से लडके को आगे दिक्कत तो नहीं होगी ना?”

हा लेख त्या दोन वाक्यांमुळे लिहावासा वाटला. पहिल्या वाक्यात कथेवरचे प्रेम आहे, दुसऱ्यात जमान्याची भीती. आमच्या समाजात मुलांची नावे सध्या या दोहोंच्या ओढाताणीत ठरतात. त्यात तिसरा एक आवाज असतो, तो धर्माचा. पण त्याच्याकडे नंतर येऊ.

ज्या मालिकेने या बापाला भारून टाकले ती तुर्कस्तानात २०१४ ते २०१९ या काळात पाच पर्वांत दाखवली गेली. २०२० च्या रमजानमध्ये पाकिस्तानच्या सरकारी वाहिनीने ती उर्दूत सुरू केली आणि मोबाइलवरून ती आपल्याकडे मोहल्ल्यामोहल्ल्यांत पोचली. काश्मीरमध्ये नवजात मुलांची नावे अर्तुगरुल ठेवल्याच्या बातम्या त्या सुमारास वर्तमानपत्रांत आल्या. आमच्या एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की, हे काल्पनिक पात्राचे नाव नव्हेच, हा तर इतिहास आहे. त्यांचा आदर राखून आम्ही म्हणू की, इतिहास त्यात चिमूटभर आहे. अर्तुगरुल हा तेराव्या शतकातला टोळीप्रमुख, उस्मानी सल्तनतीचा पाया घालणाऱ्या उस्मानचा बाप. त्याच्याबद्दल त्या काळचा पुरावा म्हणाल तर उस्मानच्या नाण्यावर बाप म्हणून आलेले त्याचे नाव. बाकी सारे पुढच्या बखरकारांच्या दंतकथा आणि मालिका लिहिणाऱ्यांची कल्पना. खऱ्या माणसाचे नाव घ्यायचे, त्याला घोडा द्यायचा, हाताखाली जिवाला जीव देणारे तीन दोस्त द्यायचे, दर भागात एक गद्दार उभा करायचा आणि कथा पाचशे रात्री चालेल इतकी ताणायची, हे तंत्र तुर्कांनी शोधलेले नाही. उर्दूत त्याला दास्तान म्हणतात आणि ते आमच्या घरात कितीतरी पिढ्या होते.

अमीर हम्जाचेच पाहा. हजरत हम्जा हे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे काका, इ.स. ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत शहीद झालेले. एवढ्या इतिहासावर दास्तानगोंनी काय उभारले? त्यांचा हम्जा इराणच्या नौशेरवानच्या दरबारात जातो, त्याच्या मुलीवर, मेहरनिगारवर भाळतो, लग्नाआधी अठरा दिवसांसाठी म्हणून कोह-ए-काफच्या परीराज्यात जातो आणि तिथे अठरा वर्षे अडकतो. लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने १८८० नंतरच्या काही दशकांत ही दास्तान ४६ जाडजूड खंडांत छापली. त्यातल्याच ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांनी लिहिले आणि पुढचे अहमद हुसेन कमर यांनी. जगातल्या सर्वांत लांबलचक कल्पित कथांत तिची गणना व्हावी. एका हिंदू प्रकाशकाच्या पैशावर, मुसलमान लेखकांच्या लेखणीतून, जादूगारांनी आणि अय्यारांनी भरलेली ही कथा उभी राहिली. देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’तले (१८८८) ऐयार आणि तिलिस्म याच घराण्यातले. आमच्या पिढीने ते दूरदर्शनवर पाहिले तेव्हा ते कुठून आले हे आम्हांला कोणी सांगितले नाही.

आता हजेरीपट उघडू. हम्जा प्रत्येक वर्गात एकदोन सापडतात. बाप म्हणेल, सहाबींचे नाव आहे. ते खरेच आहे. पण या उपखंडात हे नाव इतके लाडके होण्यात उहुदच्या शहिदाचा वाटा किती आणि कोह-ए-काफच्या शहजाद्याचा किती, याची वाटणी कोणी करून दाखवावी. आमच्या मते दास्तानीचे सर्वांत मोठे यश हेच की तिने या नावाला आदराबरोबर कौतुकही मिळवून दिले.

मात्र याच दास्तानीत एक कोडे आहे. ऐकणाऱ्यांचा खरा जीव हम्जावर नव्हता, तो अमर अय्यारवर होता. अमर म्हणजे हम्जाचा बालमित्र, लोभी, थापाडा, वेषांतर करण्यात पटाईत. त्याच्या झोळीत, जंबीलमध्ये, सारी दुनिया मावते. हम्जा रडवतो, अमर हसवतो. लहानपणी आम्ही उर्दू चोपड्यांतून ज्या गोष्टी वाचल्या त्या सगळ्या अमरच्या होत्या. हम्जा त्यांत नावापुरता. तरीही ‘अमर अय्यारवरून ठेवले’ असे सांगणारा बाप आम्हांला भेटलेला नाही. लैला घरोघर आहेत, मजनू नाही; फार तर मजनूचे खरे नाव कैस ठेवतील. म्हणजे लाडके पात्र आणि पाळण्यातले नाव या दोन गोष्टी एक नव्हेत. वाचक ज्याच्यावर प्रेम करतो त्याचे नाव ठेवत नाही. आपल्या मुलाने ज्याच्यासारखे व्हावे असे वाटते त्याचे ठेवतो. मुलाने अमर अय्यार व्हावे असे कुठल्या आईला वाटेल? (शिक्षकाला तर मुळीच वाटणार नाही. आमच्या वर्गात नाव नसलेले चारपाच अमर अय्यार आहेतच.)

याला एक अपवाद आम्हांला फार आवडतो. अलिबाबाच्या गोष्टीत चाळीस चोरांना उकळत्या तेलाने संपवणारी, घरातल्या माणसांपेक्षा शहाणी अशी दासी आहे, मर्जिना. आमच्याकडे मुलीचे नाव मर्जिना कोणी ठेवल्याचे आठवत नाही. पण बंगालमध्ये, नदीच्या अलीकडे आणि पलीकडेही, मर्जिना खातून, मर्जिना बेगम अशी नावे सर्रास आहेत. क्षीरोदप्रसाद विद्याविनोद यांनी १८९७ मध्ये अलिबाबावर बंगाली संगीत नाटक लिहिले, ते अफाट गाजले आणि त्यात मर्जिना नाचत-गात रंगमंचाच्या मधोमध आली. दासीचे नाव मुलीला देण्यातला संकोच नाटकाने पुसून टाकला, असे आम्हांला वाटते. आपल्या मराठीत अरबी सुरस गोष्टी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकातच आणल्या, पुढे गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या इंग्रजीवरून सोळा खंडांत त्या पुन्हा आणल्या. पण त्या कपाटात राहिल्या. अलिबाबाची गुहा आणि अल्लाउद्दीनचा दिवा मराठी भाषेत बोलण्यापुरते आले. मर्जिना आलीच नाही.

आता मीर हसनच्या ‘सेहरुल बयान’कडे वळू, कारण आमच्या हजेरीपटावर सर्वांत जास्त नावे या एका मसनवीतली आहेत. १७८५ च्या सुमारास पुरी झालेल्या या मसनवीची गोष्ट थोडक्यात अशी. बादशहाच्या पोटी उतारवयात मुलगा होतो. तो गच्चीवर झोपलेला असताना माहरुख नावाची परी त्याला उचलून नेते. तिने दिलेल्या उडत्या घोड्यावरून फिरताना त्याला एका बागेत शहजादी दिसते, दोघे प्रेमात पडतात. परीला कळते, ती त्याला विहिरीत कोंडते. मग शहजादीची मैत्रीण, वजिराची मुलगी, जोगिणीचा वेष घेते, खांद्यावर बीन टाकते आणि रानावनात निघते. तिच्या बीनवर भुललेल्या जिन्नांच्या शहजाद्याकडून, फिरोजशहाकडून, ती त्याची सुटका करवते.

या गोष्टीतल्या नायकाचे नाव बेनजीर. नायिकेचे बद्रे-मुनीर. वजिराच्या मुलीचे नज्मुन्निसा.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल. आमच्या वर्गात दोन बेनजीर आहेत आणि दोन्ही मुली. मुनीर हे आज सर्रास पुरुषाचे नाव आहे. ‘शेख अमुक शेख मुनीर’ असे लावणारी मुले आमच्या दाखल-खारीज रजिस्टरच्या दर पानावर सापडतील. मसनवीत जो पुरुष होता तो हजेरीपटावर मुलगी झाला आणि जी स्त्री होती तिच्या नावाचा अर्धा भाग बाप होऊन बसला. फारसीत ही विशेषणे दोहोंना चालतात, त्यामुळे भाषेच्या दृष्टीने यात काही बिघडलेले नाही. शेजारच्या देशात एक बेनजीर पंतप्रधान झाल्या, १९८८ मध्ये, तेव्हापासून तर हे नाव मुलीचेच, हा शिक्का पक्का बसला. पण समीक्षेच्या दृष्टीने आम्हांला यात गंमत दिसते. मसनवीतला बेनजीर करतो तरी काय? झोपतो, उचलला जातो, प्रेमात पडतो, विहिरीत पडतो, रडतो आणि सोडवला जातो. जुन्या कथांत ही कामे बायकांकडे असत. लोकांनी त्याचे नाव मुलींना दिले ते गोष्ट विसरल्यामुळे. गोष्ट आठवून दिले असते तरी फारसे चुकले नसते.

खरी नायिका नज्मुन्निसा. घराबाहेर पडते ती, वाद्य वाजवते ती, जिन्नाशी सौदा करते ती, आणि शेवटी स्वतःचे लग्नही स्वतःच ठरवते. आमच्या नानीच्या पिढीत दर मोहल्ल्यात एकदोन नज्मुन्निसा असत; पुढे त्यांच्या नजमा झाल्या, आणि आता तेही नाव ‘पुराना’ म्हणून गेले. नानीला लिहिता येत नव्हते. पण उन्हाळ्यात अंगणात बाजेवर पडल्या पडल्या ती ही गोष्ट सांगायची, वऱ्हाडी उर्दूत, आणि तिच्या तोंडी परीसुद्धा “कायकू रोता रे” म्हणायची. बीनचा प्रसंग आला की ती उठून बसत असे. हे नाव मसनवीच्या आधीही होते. ते मीर हसनने घडवलेले नाही. पण त्या नावाला बीन आणि जोगिणीचा वेष दिला तो त्याने.

मग या गोष्टी गेल्या कुठे? इथे आम्हांला डेप्युटी नजीर अहमद यांचे नाव घ्यावे लागते. उर्दू कादंबरीचे ते जनक, मुलींच्या शिक्षणाचे कैवारी, आणि बी.एड. झालेल्या माणसाने त्यांच्याविषयी वाईट बोलू नये. पण त्यांच्या ‘तौबतुन्नसूह’ (१८७४) या कादंबरीत एक प्रसंग आहे तो वाचताना आमचे हात अजून थरथरतात. कॉलऱ्यातून वाचलेला नसूह धर्मपरायण होतो, घर सुधारायला घेतो. थोरला मुलगा कलीम कवी आहे, तो बापाचे ऐकत नाही. नसूह त्याच्या खोल्यांत शिरतो, त्याची पुस्तके बाहेर काढतो आणि आग लावतो. त्या ढिगात रजब अली बेग सुरूर यांचे ‘फसाना-ए-अजायब’ आहे, गुलबकावलीचा किस्सा आहे आणि मीर हसनची मसनवीही आहे. लेखकाची सहानुभूती बापाकडे आहे. १८५७ नंतरचा हरलेला समाज, हातात राज्य नाही, नोकरी नाही; असल्या वेळी पऱ्यांच्या गोष्टी कशाला, असे त्यांना वाटले. त्यांचे दुःख आम्हांला कळते. पण कलीमच्या खोलीत जे जळाले ते पुढे खऱ्या घरांतूनही हळूहळू गेले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या ‘बहिश्ती जेवर’मध्ये बायकांनी कोणती पुस्तके वाचू नयेत त्यांची यादी आहे. तीत बद्रे-मुनीरची कहाणी आहे, दास्तान-ए-अमीर हम्जा आहे, गुलबकावली आहे, अलिफ लैला आहे. मौज म्हणजे खुद्द नजीर अहमद यांच्या कादंबऱ्यांविषयीही तिथे सावधगिरीची सूचना आहे; जाळणाऱ्यांची पुस्तकेही पुढच्या सुधारकाच्या हातून सुटली नाहीत. हा ग्रंथ आमच्याकडे कित्येक वर्षे मुलीला जहेजमध्ये देत. नज्मुन्निसा, माहरुख, बद्रुन्निसा अशी नावे लावणाऱ्या नवऱ्या सासरी निघत, आणि ज्या पुस्तकात त्यांची गोष्ट वाचायला बंदी आहे ते पुस्तक त्यांच्या पेटीत असे. गोष्ट बाहेर राहिली, नाव आत शिरले. आमच्या भाषेने कल्पनेची राखण केली ती अशी चोरून.

गोष्टीशिवाय नाव उरले की काय होते याचा नमुना म्हणून रुस्तम आणि सोहराब पाहावेत. फिरदौसीच्या शाहनाम्यातली (इ.स. १०१०) ही बापलेकाची जोडी. रुस्तम रणांगणात एका अनोळखी पोराला ठार करतो आणि मग कळते की तो आपलाच मुलगा. आमच्याकडे सख्ख्या भावांची नावे रुस्तम आणि सोहराब असलेली घरे आहेत. आईबापांना विचारा, म्हणतील, “दोनों पहलवान थे.” कुस्तीतला ‘रुस्तम-ए-हिंद’ हा किताब आणि मराठीतला ‘छुपा रुस्तम’ एवढ्यावर त्यांचे काम भागते. तो शोकांत शेवट कळला असता तर त्यांनी ही नावे ठेवली असती का? आम्हांला वाटते, ठेवू नयेत असे नाही. पण माहीत असून ठेवावीत. पारशी घरांत ही नावे जपून ठेवली गेली, कारण तिथे ती गोष्टही जपली गेली.

धर्माचा आवाज इथे येतो. परवेज नावाविषयी आमच्या मशिदींत वाद होतात, कारण इराणच्या खुस्रो परवेजने प्रेषितांचे पत्र फाडले होते. मुलाचे नाव चांगल्या अर्थाचे असावे ही शिकवण स्पष्ट आहे. आसिया, म्हणजे अवज्ञा करणारी, हे नाव असलेल्या मुलीचे नाव प्रेषितांनी बदलून जमीला ठेवले, हे हदीसमध्ये आहे. (फिरऔनच्या पत्नीचे आसिया हे नाव वेगळ्या अक्षरांनी लिहितात आणि ते निर्दोष आहे. ही गफलत आम्ही दरवर्षी दोनदा तरी समजावून सांगतो.) पण चांगला अर्थ पाहावा म्हणजे फारसी नाव टाकावे असे नव्हे. आजकाल मशिदीबाहेर आणि उरुसाच्या दुकानांत ज्या ‘इस्लामी नामों की किताब’ नावाच्या चोपड्या मिळतात त्यांवर आमचा खरा राग आहे तो वेगळ्याच कारणाने. त्यांत नाव असते, पुढे अर्थ असतो आणि संपले. ‘हातिम’ पुढे लिहिलेले असते: न्यायाधीश. हुस्नबानोचे सात सवाल सोडवायला दुसऱ्यासाठी रानोमाळ भटकणारा हातिमताई कुठे नाही. ज्याच्या मुलीला प्रेषितांनी तिच्या बापाच्या औदार्याची आठवण ठेवून कैदेतून सोडले, तोही हातिम तिथे नाही. म्हणजे सुधारकांनी गोष्ट जाळली आणि कोशकारांनी नावाला शब्दार्थाच्या डबीत बंद केले. दुसऱ्याचे नुकसान आम्हांला मोठे वाटते.

कोणी म्हणेल, हे आमचेच रडगाणे का? काल्पनिक कथांतून नावे तर सगळीकडेच येतात. येतात. इंग्रजीत वेंडी हे नाव घरोघर गेले ते जे. एम. बॅरीच्या ‘पीटर पॅन’ नाटकामुळे (१९०४). अमेरिकेत एका अद्भुत मालिकेतल्या राणीवरून २०१८ या एका वर्षात पाचशेहून अधिक मुलींची नावे खलीसी ठेवली गेली. हा शब्द त्या मालिकेपुरत्या रचलेल्या भाषेतला आणि तोही नाव नव्हे, पदवी. पुढच्याच वर्षी मालिकेच्या शेवटी ती राणी अख्खे शहर जाळून टाकते! कथा संपायच्या आत पात्राचे नाव ठेवू नये एवढे तरी त्या आईबापांना कळले असेल. दास्तानीचा फायदा हा की ती संपलेली असते. मराठीतही नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ (१९१३) या अद्भुतरम्य कादंबरीचे वेड जुन्या वाचकांना आठवत असेल. आज ऑलिम्पिकला गेलेला कोल्हापूरचा जलतरणपटू तेच नाव लावतो आणि ते कुणाच्या कानाला खटकत नाही. आमची नावे मात्र खटकतात. मसनवीतले असो की मालिकेतले, आमच्या मुलाचे नाव कानावर पडले की आधी ‘कोण’ हे ठरते, ‘कुठल्या गोष्टीतले’ हे कोणी विचारत नाही.

वास्तविक ही नावे एकट्या मुसलमानांची कधीच नव्हती. गुलबकावलीची मसनवी ‘गुलजार-ए-नसीम’ लिहिणारे दयाशंकर नसीम काश्मिरी पंडित होते. अमानतच्या ‘इंदरसभे’त परी आहे, देव आहेत, राजा इंद्र आहे आणि शहजाद्याचे नाव गुलफाम आहे. हीच इंदरसभा पारशी मंडळीने पुण्यात केली, ती १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पाहिली आणि त्याच वर्षी ‘संगीत शाकुंतल’ उभे राहिले, हे मराठी रंगभूमीच्या इतिहासात लिहिलेले आहे. मराठी माणसाच्या संगीत नाटकाच्या उंबरठ्यावर गुलफाम उभा आहे; तो आता आमच्याच मोहल्ल्यातला म्हणून ओळखला जातो.

त्या ट्रकवाल्या बापाची भीती म्हणून आम्हांला खोटी वाटत नाही. आमच्या रजिस्टरची गेल्या वीस वर्षांची पाने चाळली तर ती भीती अक्षरांत दिसते. पूर्वी शमशाद, मेहरनिगार, अंजुमन आरा, शहजाद, गुलनार. आता समीर, कबीर, अयान, सना, आलिया. सुंदर नावे आहेत, काही तर जुनीही आहेत. पण ती निवडताना ती दोन्हीकडे चालतील, पुण्यामुंबईत खोली भाड्याने घेताना फोनवर पटकन कळणार नाहीत, हा विचार आईबापांनी केलेला असतो. आम्हांला ते स्वतः सांगतात. ज्याला दुसऱ्याच्या कानाला न खुपेल असे नाव शोधावे लागते त्याला गोष्टीवरून नाव ठेवण्याची चैन कशी परवडावी? म्हणूनच अर्तुगरुल हे अवघड, लांबलचक, न लपणारे नाव ठेवणारा माणूस आम्हांला आधी हास्यास्पद वाटला आणि मग वाटला नाही.

आता एक प्रश्न या वार्षिकाच्या लेखक-वाचकांना. मुस्लिम मराठी साहित्याने गेल्या काही दशकांत पुष्कळ लिहिले. दंगल लिहिली, तलाक लिहिला, वस्ती लिहिली, दोन भाषांतली घुसमट लिहिली. हमीद दलवाईंच्या ‘इंधन’पासून (१९६५) वास्तवाचा हा रस्ता आमच्या लेखकांनी सोडलेला नाही, आणि तो सोडावा असे आम्ही म्हणत नाही. पण या साऱ्या लेखनातले एखादे पात्र इतके लाडके झाले आहे का की कोणी आपल्या मुलाला त्याचे नाव द्यावे? आम्हांला असे एकही आठवत नाही. आमच्या कथांतले लोक सोसतात, समजून घेतात, मरतात. उडत्या घोड्यावर बसत नाहीत, जंबीलमध्ये हात घालून हवी ती वस्तू काढत नाहीत. नसूहची आग आमच्या लेखणीतही शिरली की काय, अशी शंका येते. आम्ही प्रबोधनाच्या कामाला इतके जुंपलो की मुलांना झोपताना सांगावी अशी एक गोष्ट मराठीत रचली नाही, आणि मग आमच्या ट्रकवाल्याने ती तुर्कांकडून घेतली तर त्याला नावे ठेवतो. दिल्ली-मुंबईत २००५ पासून महमूद फारुकी आणि त्यांच्या साथीदारांनी दास्तानगोई पुन्हा उभी केली, शम्सुर्रहमान फारुकींसारख्या विद्वानाने होशरुबाची थोरवी पटवून दिली, तिथे सभागृहे भरतात. ती दास्तान वणी-दारव्हा-पुसदच्या मुलांपर्यंत कोणी आणायची?

आम्ही आमच्यापुरते एक करून पाहिले. शनिवारच्या अर्ध्या शाळेत पाचवीला मीर हसनची गोष्ट सांगितली, नानीच्या पद्धतीने, परीला “कायकू रोता रे” म्हणायला लावून. बेनजीर हा मुलगा होता हे कळले तेव्हा मुलांनी बाके बडवली. दोन बेनजीरांपैकी एक खुदकन हसली, दुसरी रडकुंडीला आली आणि मधल्या सुट्टीत येऊन म्हणाली, “सर, मेरा नाम नज्मुन्निसा कर दो.” दाखल-खारीज रजिस्टरमध्ये असा बदल करता येत नाही हे तिला सांगितले. पुढच्या शनिवारी पाहिले तर मैदानात तीन मुली ओढणीच्या झोळ्या करून जोगिणी झाल्या होत्या, बीन म्हणून वर्गातला खराटा होता, आणि दुसरी बेनजीर पाण्याच्या टाकीमागे, म्हणजे विहिरीत, सुटकेची वाट पाहत निमूट बसली होती. पहिलीतला अर्तुगरुल तिच्यावर पहारा करत होता.

त्याच्या बापाला आम्ही सांगितले की नाव बदलू नका, लेखन तेवढे एक करा. आधी नगर परिषदेतून जन्मदाखला दुरुस्त करून घ्या, मग आधार, मग आम्ही रजिस्टरला तसेच लिहितो. ते दोनदा जाऊन आले, काम अजून व्हायचे आहे. परवा बाजाराच्या दिवशी बसस्थानकाजवळ त्यांचा ट्रक उभा दिसला. पुढच्या काचेच्या वर, लाल-पिवळ्या रंगात, झेंडूच्या हाराखाली मुलाचे नाव रंगवलेले आहे: ‘आरतुगुल’. हे पाचवे.